आधी टूलपाथ लावून दाखव!

‘कॅड-कॅमसाठी हवाय? मग डोळे झाकून गेमिंगचाच घे!’ डोंबिवली स्टेशनबाहेरच्या दुकानात विचारा नाहीतर थेट लॅमिंग्टन रोड गाठा, बहुतेक ठिकाणी हेच ऐकायला मिळतं. क्लासमधले सिनिअर तेच सांगतात आणि यूट्यूबवरचा भाऊही तेच. मग मेकॅनिकलचा डिप्लोमा नुकताच संपवलेला मुलगा घरी येऊन लाखभराचा आकडा टाकतो. बाबा पीएफकडे बघतात, आई भिशीकडे. आणि शेवटी घरात येतो तो काचेच्या कॅबिनेटमधला, रंगीबेरंगी पंखे फिरवणारा डबा. त्यातला सगळ्यात महागडा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि टूलपाथ काढताना नेमकं तेच बहुतेक वेळ हातावर हात ठेवून बसलेलं असतं.

दुकानदार फसवतोच असं नाही. त्याच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ पोरांना गेमच खेळायचे असतात, त्यामुळे तो त्याच हिशेबाने सांगतो. पण आपला हिशेब वेगळा आहे. कटर मॉडेलच्या पृष्ठभागावरून नेमका कुठून कुठे फिरणार, हे कॅम सॉफ्टवेअर बिंदूगणिक काढतं. रफिंगमध्ये तर आधीच्या पासने किती माल काढला हे कळल्याशिवाय पुढचा पास ठरत नाही. त्यामुळे या कामाचा मोठा भाग एकामागोमाग एक असाच होतो आणि प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येऊन पडतो. टूलपाथ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघा. चार कोअर, आठ थ्रेडच्या मशीनवर ‘सीपीयू १२ टक्के’ असा आकडा दिसून गंमत वाटेल. कॉम्प्युटर आळशी नाही, एक जण राबतोय आणि बाकीचे बघतायत. मास्टरकॅमसारखी सॉफ्टवेअर्स वेगवेगळे टूलपाथ एकाच वेळी काढू शकतात, तिथे जास्त कोअर कामी येतात. तरीही आधी बघायचा तो एका कोअरचा वेग.

ग्राफिक्स कार्ड लागतं ते मॉडेल फिरवायला, मोठी असेंब्ली उघडायला, सिम्युलेशन बघायला. मधल्या किमतीचं कार्ड शिकणाऱ्याला भरपूर झालं. सॉलिडवर्क्सवाल्यांनी कंपनीच्या साइटवरची प्रमाणित कार्डांची यादी जरूर बघावी. गेमिंगची कार्डं त्या यादीत नसतात, हे दुकानात कोणी सांगत नाही.

दुसरं टोक म्हणजे ‘सेकंड हँड वर्कस्टेशन’. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं १२ कोअरचं झिऑन, दिसायला भारदस्त आणि किमतीला हलकं. २०१३ सालचा झिऑन ई५-२६९७ व्ही२ घ्या. त्याच्यासमोर २०२२चा साधा, सहा कोअरचा आय५-१२४०० ठेवलात तर एका कोअरच्या कामात हा छोटा जवळजवळ दुप्पट वेगाने पळतो. शिवाय त्या जुन्या झिऑनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. म्हणजे स्वस्तात मिळालेलं ते धूड लवकरच अडचण होणार.

लॅपटॉपची गोष्ट तर आणखी न्यारी. ‘आय७ आहे हो!’ असं म्हटलं की घरचे खूश. पण आय७-१३५५यू हा १५ वॉटचा, बॅटरी वाचवण्यासाठी बनवलेला प्रोसेसर आहे. ४५ वॉटचा आय५-१३५००एच सलग चालणाऱ्या कामात त्याला मागे टाकतो. आकड्यापुढचं ते शेवटचं अक्षर ‘आय७’ या स्टिकरपेक्षा जास्त खरं बोलतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. दिव्यातल्या किंवा कळव्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत, पत्र्याखाली लॅपटॉप तापला की तो स्वतःच वेग उतरवतो. दुकानातल्या एसीत हे कळत नाही.

म्हणूनच माझं म्हणणं आहे की बेंचमार्कचे दुसऱ्याने काढलेले आकडे बाजूला ठेवा आणि स्वतःची परीक्षा घ्या. सिनेबेंचचा सिंगल-कोअर स्कोअर चाळणी म्हणून ठीक आहे. कॅडमध्ये मॉडेल किती सहज फिरेल याचा अंदाज स्पेकव्ह्यूपर्फ देतं. पण टूलपाथला किती वेळ लागेल हे तुमची फाईलच सांगेल. पेनड्राइव्हवर एक खरा जॉब न्या. खोल पॉकेटचा, थोड्या वळणदार पृष्ठभागाचा, डाय-मोल्डसारखा असेल तर उत्तम. एक रफिंग, एक फिनिशिंग. टूल, स्टेपओव्हर, टॉलरन्स सगळीकडे अगदी तोच, कारण टॉलरन्स ०.०१ मिमीवरून ०.००१वर नेलात की तीच फाईल कितीतरी जास्त वेळ खाते आणि तुलना फसते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. टूलपाथ पुन्हा काढायला लावा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, तीनदा मोजा. मग दहा-पंधरा मिनिटं सलग राबवून पुन्हा एकदा मोजा. वेळ वाढला तर थंड ठेवण्याची सोय कच्ची आहे. तोवर रॅम किती भरली तेही बघून घ्या. १६ जीबीत शिकणं होतं, ३२ असेल तर श्वास घेता येतो. २०२५च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव भडकले, त्यामुळे ‘असू दे जास्तीची’ हा सल्ला आता परवडणारा नाही. आधी एक स्लॉट रिकामा असलेला बोर्ड घ्या, गरज पडली की वाढवा.

‘सीलबंद लॅपटॉप दुकानदार उघडून देणार आहे का?’ नाही देणार. पण डेमो पीस असतो, तोच प्रोसेसर असलेला मित्र किंवा सिनिअर असतो. असेंबल्ड पीसी असेल तर उरलेले पैसे देण्याआधी सॉफ्टवेअर टाकून बघू द्या, असं ठणकावून सांगता येतं. फ्यूजन विद्यार्थ्यांना मोफत मिळतं, त्यामुळे लायसन्सची सबबही उरत नाही. खरं तर हे काम क्लासेसनी आणि पॉलिटेक्निकनी करायला हवं. एक ठरावीक टेस्ट फाईल आणि आपल्या लॅबमधल्या मशीनवर तिला लागलेला वेळ, एवढं नोटीस बोर्डावर लावायला काय खर्च येतो? हजारोंची फी घेणाऱ्या क्लासने ‘कोणता पीसी घेऊ?’ या प्रश्नावर ‘गेमिंग’ एवढ्या एका शब्दात उत्तर द्यावं, हे मला पटत नाही.

आणि एकदा गाळ्यात जाऊन बघा. १९६२ साली एमआयडीसी सुरू झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून. तिथल्या काय किंवा डोंबिवली, अंबरनाथच्या काय, छोट्या जॉबवर्कच्या गाळ्यांत जुन्या व्हीएमसी अजून इमानेइतबारे चालतात. कंट्रोलरची मेमरी केबीमध्ये, म्हणून प्रोग्रॅम आरएस-२३२ केबलमधून थोडा थोडा पाजावा लागतो. ९६०० बॉडला सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. पाच एमबीचा फिनिशिंग प्रोग्रॅम असेल तर नुसता पोचायलाच जवळजवळ दीड तास! तुमच्या पीसीने टूलपाथ दोन मिनिटांत काढला की चार, त्या मशीनला काय फरक पडतो? उलट नव्या लॅपटॉपला सिरिअल पोर्टच नसतो, तिथे काही शे रुपयांचा चांगला कन्व्हर्टर लाखाच्या ग्राफिक्स कार्डापेक्षा मोलाचा ठरतो. आणि टॉलरन्स, आर्क फिटिंग नीट वापरून तोच प्रोग्रॅम निम्मा करून देणारी पोरगी तिथे लगेच शेठच्या नजरेत भरते, तिच्या घरी कुठला पीसी आहे हे कोणी विचारत नाही.

लाखाचं बजेट पासष्ट-सत्तर हजारांत आटोपलं तर उरलेल्यातून आधी एक बऱ्यापैकी यूपीएस घ्या. कल्याण-डोंबिवलीत पहिल्या पावसाला लाइट जाते, आणि नेमकी टूलपाथ ९० टक्क्यांवर असताना जाते. मग एक डिजिटल व्हर्निअर घ्या. बाकीचे पैसे बाबांना परत.