'माझा आवडता नेता' : विशेषणे कमी, कामे जास्त



'माझा आवडता नेता' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. वह्या तपासताना काय दिसतं? नेत्याचं नाव तेवढं बदलतं, बाकी निबंध तोच. थोर, त्यागी, कर्तव्यदक्ष, गोरगरिबांचे कैवारी! हीच मुलं घरी मोठ्यांकडून ऐकतात, "सगळे राजकारणी एकाच माळेचे मणी." म्हणजे शाळेत आरती आणि घरी शिव्या. यातून उद्याचा जाणता मतदार कसा घडणार? माझं मत असं, की मुलांना एका आमदाराची कारकीर्द सालांसकट समजावून सांगावी.

उदाहरणार्थ, कै. गणपतराव देशमुख. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या दुष्काळी तालुक्यातून, शेतकरी कामगार पक्षातर्फे ते १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले. २०१४ पर्यंत एकूण ११ वेळा निवडून आले. मुलांना हा आकडा आवडतो, पण तिथेच थांबू नका. ते १९७२ साली हरले, हेही सांगा. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा जिंकले. १९९५ साली परत हरले आणि १९९९ साली परत जिंकले. लोक निवडून देतात तसे घरीही बसवतात. नागरिकशास्त्राचा एवढा सोपा धडा दुसरा कुठला?

पुढचा मुद्दा कामाचा. १९७८ आणि १९९९ साली ते मंत्री होते, पण बहुतेक वर्षे विरोधी बाकांवरच बसले. मग विरोधी पक्षाचा आमदार करतो तरी काय? तो विधानसभेत प्रश्न विचारतो, अर्थसंकल्पावर बोलतो, तालुक्याच्या पाण्याचा विषय लावून धरतो. गणपतरावांनी हेच केलं. सहकारी सूतगिरणी उभी करण्यातही त्यांचा पुढाकार होता. एसटीने फिरणारे आमदार म्हणून लोक त्यांना ओळखत. पक्ष त्यांनी शेवटपर्यंत बदलला नाही.

आता कोणी म्हणेल, "सर, हीसुद्धा आरतीच झाली की!" म्हणूनच अवघड प्रश्नही वर्गात येऊ द्या. एकाच माणसाने इतकी वर्षे आमदार राहावं का? २०१९ साली ते स्वतः उभे राहिले नाहीत, उमेदवारी नातवाला मिळाली आणि तो हरला. २०२४ साली दुसरा नातू निवडून आला. घरातच उमेदवारी जाणं योग्य की अयोग्य? मुलांना दोन्ही बाजू मांडू द्या. उत्तर आपण द्यायची घाई करू नये.

निबंध देताना फळ्यावर फक्त चार प्रश्न लिहा :
१) ते कधी आणि कुठून निवडून आले?
२) कधी हरले?
३) लोकांसाठी केलेलं एक काम कोणतं?
४) तुम्हाला न पटलेली एक गोष्ट कोणती?

नेता कोणत्याही पक्षाचा असो, प्रश्न हेच ठेवा. शिक्षकाने स्वतःचा पक्ष वर्गाबाहेर ठेवायचा, हे तर आलंच.

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. "सगळे सारखेच" म्हणण्याआधी मुलासोबत आपल्या आमदाराने पाच वर्षांत काय केलं ते शोधा. जी मुलं आज हा प्रश्न विचारायला शिकतील, ती अठराव्या वर्षी मत देतानाही विचारतील.