तेलकट मातीवर सेंद्रिय उपचार. खरी कसोटी मोजमापाची

हेब्बाळ (म्हैसूर) : पाणी दूषित झाले की दुर्गंधी सुटते, तक्रारी होतात; माती दूषित झाली तर बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. म्हैसूरच्या हेब्बाळ परिसरातील तलाव सांडपाण्याने बिघडल्यानंतर इन्फोसिस फाउंडेशनच्या निधीतून त्याचे पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले. मात्र, औद्योगिक वसाहतींमध्ये यंत्रे व वाहनांतून झिरपणाऱ्या तेलाने काळवंडलेल्या जमिनीची दखल क्वचितच घेतली जाते.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केल्याने या प्रश्नाला कायदेशीर चौकट मिळाली आहे. शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर पडणार असल्याने स्वस्त उपायांना मागणी येणे स्वाभाविक आहे. शेणखत, कंपोस्ट, कोंबडखत ही त्यातील सहज उपलब्ध साधने. शेजारचा मंड्या जिल्हा उसाचा असल्याने साखर कारखान्यांतील प्रेसमडही दूर नाही.

या उपायाला शास्त्रीय आधार आहे. तेलात कार्बन विपुल, पण नत्र व स्फुरद अत्यल्प असते. खतामुळे तेल पचवणाऱ्या जिवाणूंना ही पोषके मिळतात, माती भुसभुशीत होऊन हवा खेळते आणि ओलावा टिकतो. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेल सांडल्यानंतर किनाऱ्यावर पोषक खते वापरण्यात आली होती. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑइलझॅपर’मध्ये तेलभक्षी जिवाणू दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत मिसळलेले असतात.

फसगत होते ती मोजमापात. किलोमागे २० ग्रॅम तेल असलेल्या मातीत तेवढ्याच वजनाचे खत मिसळल्यास मिश्रणातील प्रमाण किलोमागे १० ग्रॅमवर येते. प्रत्यक्षात तेलाचा एक थेंबही नष्ट झालेला नसतो. हलके घटक हवेत उडून गेले, तरी आकडा घटतो. त्यामुळे उपचार न केलेल्या मातीशी तुलना आणि ठरावीक काळाने नमुना चाचणी केल्याशिवाय यशाचा दावा ग्राह्य धरता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. वापरलेल्या इंजिन तेलात शिसे, जस्त यांसारखे धातू असू शकतात. जिवाणू तेलाचे विघटन करतात, धातूंचे नाही. अशा जमिनीवर हिरवळ उगवली, म्हणून ती भाजीपाल्यासाठी सुरक्षित ठरत नाही.

नव्या नियमांची अंमलबजावणी करताना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांनी खताच्या गाड्या मोजण्यापेक्षा मातीत उरलेले तेल व धातू मोजणे आवश्यक आहे. अन्यथा सेंद्रिय उपचार हे दूषित जमिनीवरचे केवळ पांघरूण ठरेल.