शेकडा नफा, पण कशावर?



गट सभेत एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, उसात शेकडा नफा किती?" माझं उत्तर ठरलेलं असतं: शेकडा कशावर काढायचा, ते आधी सांगा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफ.आर.पी. जाहीर केली. उत्पादन खर्च धरला टनाला १,७३० रुपये. फरक १,८२० रुपये. त्याला खर्चाने भागले तर १०५.२ टक्के, दराने भागले तर ५१ टक्के. दोन्ही हिशेब बरोबर. पण त्या खर्चात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी एवढंच धरलेलं असतं. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज त्यात नसतं. शिवाय आपल्याकडे तोडणी-वाहतूक एफ.आर.पी.तूनच वजा होते. तेव्हा सरकारी टक्केवारी ती आपली टक्केवारी नव्हे.

आपला टनाचा खर्च 'क्ष' धरा. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला ३,००० रुपये येतात असे समजू. खर्चावर शेकडा २५ नफा हवा, तर खर्च किती बसला पाहिजे? बरेच जण ३,००० मधून २५ टक्के वजा करून २,२५० सांगतात. ताळा करून बघा. २,२५० वर २५ टक्के चढवले की २,८१२ रुपये ५० पैसेच होतात. टक्के काढले विक्रीवर, हवे होते खर्चावर!

बरोबर मांडणी अशी:

क्ष + क्ष/४ = ३,०००
५क्ष/४ = ३,०००
क्ष = २,४००

आता शेतात चला. एकरी खर्च १ लाख आणि ऊस ४० टन असेल तर क्ष २,५०० आणि नफा २० टक्के. तो २५ वर न्यायचा तर खर्च तेवढाच ठेवून ऊस ४१.६७ टन काढा, म्हणजे वाढ पावणेदोन टनांच्या आतच. किंवा टनेज तेच ठेवून एकरी ४,००० रुपये वाचवा. माती तपासून खत द्या, नांग्या वेळेवर भरा, पाचट न जाळता सरीत कुजवा. यालाही खर्च येतो, तोही क्ष मध्ये मांडा. लपवलेला खर्च शेवटी आपल्यालाच फसवतो.

दर मागू नका, असं मी म्हणत नाही. जरूर मागा. पण ज्याच्या वहीत स्वतःचा क्ष आहे, त्याच्या बोलण्याला सभेत वजन येतं.

माझं स्पष्ट मत आहे की, प्रत्येक सभासदाने लागणीचा आणि खोडव्याचा क्ष वेगवेगळा काढावा. खोडवा ठेवायचा की मोडायचा, हे शेजाऱ्याकडे बघून नव्हे, त्या आकड्यावर ठरवावं. घरात आठवी-नववीचं पोर असेल तर त्याला वही घेऊन शेजारी बसवा. त्याचं बीजगणितही पक्कं होईल आणि घरात पैसा कसा येतो-जातो हेही त्याला कळेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी