घरचा हिशेब : डबा घ्यावा की अंडी?



मागच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आमच्या वस्तीतील एक भगिनी मागे थांबल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात. मुलगा आणि मुलगी दोघेही पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. त्या म्हणाल्या, "भाऊ, १९५६ साली आमच्या आजेसासऱ्यांनी धम्म घेतला आणि घरातले उपासतापास बंद केले. आता पोरगा मोबाईलमध्ये बघून पुन्हा उपास धरून बसलाय. रात्री आठला जेवतो ते दुसऱ्या दिवशी बाराला. वर अडीच हजारांचा पावडरचा डबा मागतो. घ्यावा का?"

प्रश्न एका घरचा नाही, म्हणून हिशेब सर्वांसमोर मांडतो.

प्रथम उपास. सोळा तास न खाता आठ तासांत जेवण आटोपायचे, अशी ही पद्धत. एकूण खाणे कमी झाले तर वजन उतरते, यात चमत्कार काही नाही. पण ज्याचे वजन मुळातच कमी आहे, ज्याला १६०० मीटर धावून गोळा फेकायचा आहे, त्याने वजन उतरवून काय साधणार? पहाटे सहाला धावून बारापर्यंत उपाशी राहणे तर उलटेच. त्याने रात्री आठ ते सकाळी आठ पोट रिकामे ठेवावे आणि धावून आल्यावर खावे. तेवढे पुरे.

वर्षावासात आपल्यापैकी काहीजण उपोसथाला अष्टशील पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. ते शील आहे, शरीर कमावण्याची युक्ती नव्हे. त्या दिवशी कठीण सराव ठेवू नये. आणि पावडर पाण्यात घोळली म्हणून तिचे सरबत होत नाही. ते अन्नच. तथागतांनीही देह झिजवणारे उपास सोडून सुजाताची खीर स्वीकारली होती, हे मुलांना जरूर सांगावे.

आता प्रथिने. साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम लागतात. कसून व्यायाम करणाऱ्याने १.२ ते १.६ ग्रॅम धरावे. म्हणजे साठ किलोच्या मुलाला दिवसाला ७२ ते ९६ ग्रॅम.

पावडर म्हणजे काय? दूध नासवून पनीर किंवा चीज केल्यावर जे पाणी उरते, त्यातून काढलेले प्रथिन. ते खोटे नाही, पण महाग आहे. किलोचा डबा अडीच हजारांना धरला आणि त्यात ८०० ग्रॅम प्रथिन असले, तर ग्रॅमला तीन रुपयांहून जास्त पडतात. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. दीडशे रुपये किलोच्या शेंगदाण्यात २५० ग्रॅम, म्हणजे साठ पैसे. सोयाबीनच्या वड्यांत किलोला ५०० ग्रॅमहून अधिक. त्या १६० रुपयांना मिळाल्या तर ग्रॅमला तीस-बत्तीस पैसे. गावोगावी भाव बदलतील, पण फरक राहीलच.

त्या मुलाचा दिवस असा बसवला : दोन अंडी १२, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या २६, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम फुटाणे १०, पन्नास ग्रॅम डाळीचे वरण ११, पेलाभर दूध ८, चार चपात्या १२. बेरीज ७९ ग्रॅम. सुकट किंवा मासळी असेल त्या दिवशी आणखी. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ सालच्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळा, असेच सांगितले आहे.

तरीही कोणाला घ्यायचीच असेल तर सीलबंद डबाच घ्यावा. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक, मुदत आणि शंभर ग्रॅममागे प्रथिन किती, हे वाचावे. वजन वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच डब्यांत प्रथिन थोडे आणि साखर-पिठाचा भाग मोठा असतो. दूध पचत नसेल तर सोयाबीनची पावडर चालते. व्यायामशाळेत सुटी पुडी घेऊ नये, आणि इंजेक्शनची गोष्ट कोणी काढली तर तेथून उठून यावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पावडर, मधुमेहाची औषधे चालू असतील तर उपास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अठरा वर्षांखालील मुले आणि गरोदर भगिनींनी असले उपास करूच नयेत.

हिशेब संपल्यावर मी त्या भगिनींना विचारले, "मुलगी सकाळी काय खाते?" त्या म्हणाल्या, "चहा-चपाती." तीही रोज पहाटे ८०० मीटरचा सराव करते. तिच्यासाठी डबा कोणी मागितला नव्हता, तिने स्वतःही नाही.

अडीच हजारांत साडेतीनशे अंडी येतात. रोज दोघांना दोन-दोन दिली तरी जवळजवळ तीन महिने पुरतील. ही बेरीज मी त्या मुलालाच करायला लावली. त्याने दोनदा केली आणि म्हणाला, "काका, ताईचं तर मी धरलंच नव्हतं."

आपल्याही घरी हिशेब मांडाल तेव्हा ताटे मोजून मांडा. जयभीम.