सही आईची, जबाबदारी कुणाची?
डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ यातलं सहावं कलम मला मनापासून पटतं. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं. टेलिमेडिसिन ॲपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी उपचाराला ती लागत नसल्यामुळे तो होकार यादीला लागू होत नाही, असं उदाहरणच कायद्यात आहे.

इचलकरंजीत राहणारी माझी आई सातवी शिकलेली. रक्त तपासायला गेलं की काउंटरवरून इंग्रजी अर्ज पुढे येतो, ‘आजी, इथे सही करा.’ ती करते. नाही म्हणता येतं हे तिच्या मनातही येत नाही, कारण तपासणी अडेल ही भीती खरी असते. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे, म्हणजे मराठीतही. ती मिळायलाच हवी. पण मराठी कागद हाती आला म्हणून रांगेत उभी असलेली आई नकार देईल? मला नाही वाटत. म्हणून सही असो वा नसो, गरजेपेक्षा जास्त माहिती मागणाऱ्यालाच आधी जाब विचारला पाहिजे.

आणि माहिती फुटली तर? सुरक्षेत हयगय केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो भारताच्या संचित निधीत जातो, माहिती फुटलेल्या माणसाला मिळत नाही. नुकसानभरपाई देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ४३अ कलम वगळण्याची तरतूदही विदा संरक्षण कायद्यातच आहे. ती भरपाई राहायलाच हवी.