नगरसेवकाने आधी काय समजून घ्यावे
महापालिकेत नव्याने आलेल्या नगरसेवकाने सर्वांत आधी समजून घ्यावे ते आयुक्तांचे स्थान. १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार महापौरांकडे नसून शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. मुंबईला १८८८चा स्वतंत्र कायदा लागू आहे. सर्वसाधारण सभा धोरण ठरवते, पण पैशाची नाडी १६ सदस्यांच्या स्थायी समितीच्या हाती. अंदाजपत्रकही आधी तिच्यापुढे येते, मग सभेकडे जाते. प्रभागातले तुंबलेले गटार नुसत्या भाषणाने दुरुस्त होत नाही. तरतूद, अभियंत्याचे पूर्वगणनपत्रक, निविदा, मंजुरी, मग कार्यादेश, असा तो लांबचा रस्ता आहे. नगरसचिवांकडून येणाऱ्या विषयपत्रिकेसोबतची कार्यालयीन टिपणी म्हणूनच ओळन् ओळ वाचावी. कोणत्या लेखाशीर्षातून किती रक्कम खर्ची पडणार, हे तिथेच कळते.