शिकाऊ वैमानिकाची सेवानोंद

दुसऱ्या महायुद्धात कॅनडात शिकलेल्या वैमानिकाचा माग काढताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते, की १७ डिसेंबर १९३९च्या करारातून उभ्या राहिलेल्या राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजनेने १,३०,०००हून अधिक विमानकर्मी घडवले आणि त्यांची वाटचाल शाळेगणिक कागदावर उतरत गेली. प्राथमिक उड्डाणशाळेत टायगर मॉथसारख्या हलक्या विमानावर हात बसल्यानंतर पुढील शाळेत हार्वर्ड मिळाले की अ‍ॅन्सन, ही नोंद विशेष बोलकी असते. कारण एका इंजिनाचे हार्वर्ड बहुधा लढाऊ विमानांकडे, तर दोन इंजिनांचे अ‍ॅन्सन बाँबफेकी विमानांकडे नेणारे असे. वैमानिक म्हणून नापास ठरलेला उमेदवार पुष्कळदा दिशादर्शक किंवा बाँबफेक्या होई, म्हणून तो शेरा मानहानीचा समजणे अन्यायाचे ठरेल. लॉगबुक, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमान व हवेतील वेळ टिपणारी वही, मात्र अनेकदा कुटुंबाकडेच राहिली. ती जपणाऱ्या घरांनी तिची प्रत अभिलेखागाराला अवश्य द्यावी. प्रशिक्षणातील अपघातांत कित्येक तरुण रणभूमी पाहण्याआधीच गेले, आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग त्यांची गणना युद्धात पडलेल्यांमध्येच करतो.